नेकला महोगनी का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

मी बनवलेली गिटार बघायला आलेला माणूस आधी वाजवून बघतो, मग विचारतो, "नेक कशाची आहे?" नेक म्हणजे गिटारची लांब मान, जिच्यावरून तारा जातात. मी सांगतो, तून या झाडाच्या लाकडाची, मधोमध शिसवी पट्टी. लगेच पुढचा प्रश्न येतो, "महोगनी का नाही?" काही जण तसं बोलत नाहीत, पण स्वस्तातलं लाकूड गळ्यात मारतोय असं त्यांना वाटतंय हे चेहऱ्यावर दिसतं. आजवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं उत्तर देत आलो. आता एकदा पुरतं सांगतो.

तून स्वस्त पडतं म्हणून वापरत नाही. सरळ रेषेची (म्हणजे लाकडाचे धागे सरळ असलेली), गाठ नसलेली, नीट वाळलेली फळी मिळवायला वखारीत अख्खी थप्पी उलटी करावी लागते आणि वखारवाल्याचा राग सोसावा लागतो. मी काम शिकलो मिरजेत, तंतुवाद्यांच्या दुरुस्तीवर. तिथं सितारीची दांडी तुनाची. आतून कोरून पोकळ केलेली, तरी वरच्या तारा आणि खालच्या तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, मिळून जो ताण पडतो तो ती वर्षानुवर्षं पेलते. स्टीलच्या सहा तारांचा गिटारवर साधारण ७० किलोचा ताण येतो, आणि गिटारची नेक तर भरीव, आत ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक काढायची धातूची सळई. तून, महोगनी आणि स्पॅनिश गिटारच्या नेकला पूर्वापार चालणारं सेड्रेला ही तिन्ही झाडं कडुनिंबाच्या कुळातली. तुनाला तर वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी सेड्रेलातच धरत. तेव्हा हा प्रयोग मी हवेत केलेला नाही.

तरी खरं कारण हे नाही. खरं कारण एका मुलाची गिटार आहे.

मिरजेतला मुलगा, चर्चमध्ये वाजवायचा. त्याला महोगनीचीच नेक हवी होती आणि मलाही तेव्हा तीच द्यायची होती. फळी महोगनी म्हणून विकत घेतली, बिलावर तसंच लिहिलेलं. रंग लालसर, वजन बेताचं, रंध्याखाली छान. हिवाळ्यात गिटार दिली. पावसाळा लागला आणि तो वडिलांना घेऊन आला. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तारा इतक्या वर गेल्या होत्या की बोटं दुखत होती. मी ट्रस रॉड आवळला. जाड तारांची बाजू सरळ झाली, बारीक तारांची तशीच राहिली. बॉडीकडून नेकवर एक डोळा मिटून नजर टाकली तर नेक पिळली होती. नुसता बाक असता तर रॉडनं निघाला असता. पीळ रॉडनं निघत नाही.

इस्त्रीनं फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवलेली, फ्रेट बसवलेली फळी) तापवून, पातळ पात्यानं सोडवून काढला. खालचं लाकूड रंधून बघितलं तर एका हाताच्या अंतरात रेषा तीनदा उलटली होती. मग टाचेकडचा, म्हणजे नेक बॉडीला जोडते तिकडचा, तुकडा कापला, त्याचं टोक धारदार सुरीनं साफ केलं आणि भिंग लावलं. महोगनीत वाढीच्या वलयाच्या कडेला फिकट, बारीक, सलग रेघ दिसते. इथं पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती, राळेनं भरलेल्या नळ्यांची. मेरंटीच्या जातीचं लाकूड, दारं-चौकटींना येतं ते. मेरंटीला मी नावं ठेवत नाही, चौकटीला ते चांगलंच आहे. पण ते महोगनी नव्हतं. वडील एवढंच म्हणाले, "तुम्ही महोगनी म्हणाला होतात." मुलगा काहीच बोलला नाही. तो रिकाम्या बॉडीवर हात ठेवून बसला होता.

लोक म्हणतात, आधीच भिंग लावायचं होतंत. हो, आता प्रत्येक फळीला लावतो. पण विकणाऱ्यानं जे नाव सांगितलं, बिलावर लिहिलं, ते खरं धरूनच सगळा बाजार चालतो. अमेरिका खंडातल्या महोगनीला २००३ पासून साइट्सचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने लागतात. अस्सल माल कमी झाला तसं त्या नावाखाली काहीही विकलं जाऊ लागलं. हल्ली आमच्या भागात शेतकऱ्यांनी बांधावर महोगनी लावलीय. तेही फोन करतात, "आमची घ्या की." कोवळ्या झाडाचं लाकूड लांबीतही आकसतं, नेकला ते चालत नाही. झाड अजून उभं राहू द्या, एवढंच मी त्यांना सांगू शकतो.

साग करून बघितला. तेलकटपणामुळे सरस धरायला कुरकुरतो आणि पटाशीची धार खातो. अख्खी शिसवी नेक केली तर गिटार मांडीवरून डोक्याकडे झुकते. तून हलकं आहे, पण मऊही आहे. कापोचा, म्हणजे नेकवर लावायच्या चिमट्याचा, दाब पडून मागं वळ उठतात, नखाची खूण राहते. शिसवी पट्टी घातल्यावर ताठपणा येतो, पृष्ठभागाचा मऊपणा जात नाही. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

पूर्वी मीच शिकाऊ मुलांना सांगायचो, महोगनीच्या नेकचा आवाज उबदार असतो. आज तसं सांगणार नाही. नेक किती ताठ, किती वाळलेली आणि जोड किती घट्ट, यानं पडणारा फरक मला हाताला कळतो; लाकडाच्या नावानं पडणारा कळत नाही. तरी कुणी जुन्या फर्निचरची अस्सल महोगनीची फळी आणून दिली तर माझा हात आधी तिच्याकडेच जातो. माझ्यातल्या त्या जुन्या शिक्षकाला मी अजून पुरतं गप्प करू शकलेलो नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मला कुणी गिऱ्हाइकानं विचारलेली नाही. मिरजेतल्या एका बुजुर्ग कारागिरानं विचारली. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढेल अशी सगळ्यांना आशा आहे. ते म्हणाले, "चांगलं तून आम्हालाच पुरत नाही, त्यात तू गिटारला न्यायला लागलास." मी म्हटलं, माझी गरज किती, वर्षाला मोजक्या फळ्या. ते म्हणाले, "तुझं बघून उद्या दहा जण नेतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. म्हणून शिवण या झाडाच्या फळ्या वाळायला टाकल्यात. हलकी आहे, फारशी वाकत-पिळत नाही म्हणतात. तिची नेक पावसाळ्यातून काढल्याशिवाय कुणालाही विकणार नाही.