बीमला हात न लावता

नागपूरच्या प्रतापनगरातलं जुनं बैठं घर. मागच्या अंगणात आजींसाठी नवी खोली काढली होती, बाथरूम लागूनच, म्हणजे रात्री-बेरात्री त्यांना लांब चालायला नको. सून आर्किटेक्ट. तिची अट एकच, भिंतीवर पांढरा डबा दिसता कामा नये. आजींची अट त्याहून अवघड होती. "गारवा पाह्यजे, पण अंगावर वारा नको बापा. गुडघे धरतात माह्ये."

मला दोन्ही अटी रास्त वाटल्या. डक्टेबल एसीची, म्हणजे मशीन सीलिंगवर लपवून डक्टमधून (बंद नळीतून) हवा नेणाऱ्या एसीची, कामं करताना घरोघरी पाहिलंय, स्प्लिटचा झोत थेट पलंगावर येतो आणि म्हातारी माणसं ऐन मे महिन्यात एसी बंद करून घामाघूम पडून राहतात. कूलर त्यांना सोसतो, पण मृग लागला, हवा दमट झाली की कूलरचा काही उपयोग उरत नाही.

खोली बारा बाय सोळा. पश्चिमेची भिंत, वर उघडा स्लॅब. दीड टन पुरेल असं त्यांना दुकानात सांगितलं होतं. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, पण हा आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेला असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बाहेर जसजसं तापतं तसतशी मशीनची ताकद उतरते, आणि नेमकी तेव्हाच खोलीची गरज वाढते. मी दोन टनांचं इन्व्हर्टर एसी मशीन सुचवलं. त्याआधी गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर) करून घ्या म्हटलं, तेही त्यांनी ऐकलं.

इनडोअर युनिट बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर बसवायचं ठरलं. तिथून हवा खोलीत न्यायची तर मधे बीम आडवा. मी पोचलो तेव्हा मिस्त्रीने बीमवर खडूने चौकोन आखून ठेवला होता आणि काँक्रीटला भोक पाडणारा कोअर कटिंगवाला मशीन जोडत होता.

"भाऊ, एवढंसं तर होल आहे. काही नाही होत."

मी त्याला थांबवलं. डक्टला लागणारं भोक एवढंसं नसतं. बीममधली सळई कापली गेली की वरच्या स्लॅबचा भार कशावर राहणार? आणि हे सगळं त्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर. मिस्त्री चिडला, सूनबाईही नाराज झाल्या, कारण मी सांगितलेल्या उपायात बाथरूमचं सीलिंग साडेसात फुटांवर उतरत होतं. पण बीमच्या खाली आणि दरवाजाच्या वर नुसती विटांची भिंत होती, पावणेदोन फूट उंचीची. तिथून डक्ट आरामात जात होता. त्यांनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं, थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे दादा, बीम राहू द्या."

मग काम सुरळीत झालं. कपाटाच्या वर सागवानी पट्टीची लांब ग्रिल, हवा छताला धरून समोरच्या भिंतीपर्यंत जाईल अशी. रिटर्न, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडे परत नेणारं तोंड, दरवाजावर, ग्रिलपासून शक्य तितकं लांब, नाहीतर मशीन स्वतःचीच गार हवा परत ओढत बसतं. रिटर्नचा डक्ट थेट युनिटपर्यंत बंदिस्त केला, बाथरूमची हवा खोलीत यायला नको म्हणून. आऊटडोअर युनिट लाकडी झडपांच्या कोनाड्यात लपवायचा विचार होता, त्याला मात्र मी साफ नकार दिला. गरम हवा तिथेच घुमली तर प्रेशर वाढून मशीन भर दुपारी बंद पडेल. ते बाथरूमच्या छतावर, उत्तर बाजूला, उंच स्टँडवर बसवलं.

जिप्समचे बोर्ड लागायच्या आदल्या दिवशी मी मशीनच्या ट्रेमध्ये, जिथे ठिबकणारं पाणी जमतं तिथे, मगभर पाणी ओतलं. पोरगा बाहेर आंब्याच्या आळ्यात ड्रेनच्या तोंडाशी बसला होता. "आलं का?" "नाही आलं, दादा." पाणी ट्रेमध्ये तसंच. शिडीवर चढून पाइपवर लेव्हल ठेवली तर बुडबुडा उलटीकडे सरकलेला. सीलिंगवाल्याने फ्रेम टांगताना त्याची तार पाइपखालून नेऊन वर ताणली होती, त्यामुळे मधे उंचवटा आला होता. तार सोडवली, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार पुन्हा जुळवला, क्लॅम्प वाढवले. दुसऱ्या मगाला आळ्यातून आवाज आला, "आलं, आलं!" बोर्ड लागल्यावर हे कळलं असतं तर पहिल्याच आठवड्यात सीलिंग फुगलं असतं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर दुपारी चारच्या सुमारास, मशीन २६ वर चालू केलं. आजी पलंगावर बसून हात पुढे करून वारा शोधत होत्या.

"चालू झाला का रे?"

"केव्हाचा, आजी."

त्यांनी पाय पसरले आणि पांघरूण मागितलं नाही. माझ्यासाठी कामाची पावती तीच.

जायच्या आधी सीलिंगवाल्याशी एक वाद उरला होता. त्याला ट्रॅप डोअर, म्हणजे मशीनपर्यंत हात पोचायला सीलिंगमध्ये ठेवलेलं झाकण, छोटं हवं होतं, दिसायला बरं म्हणून. मी दोन बाय दोन फुटांचं करून घेतलं. सूनबाईंना स्टुलावर उभं करून दोनदा फिल्टरची जाळी काढायला आणि बसवायला लावली. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती धुवायची, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथल्या तिथे लिहून घेतलं.