कोरड्या खानदेशात जीप सडते कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या जुन्या सीजे-३बी जीपखाली वाकून बघतात आणि हमखास म्हणतात, "मे महिन्यात तुमच्याकडे ४५ अंश, समुद्र कुठल्या कुठे, मग हा पत्रा सडला कसा?"

समुद्र लांब आहे, पण मीठ आम्हीच गाडीत भरत होतो. आमची चोपड्याकडे केळी. केळीला पोटॅश लागतं भरपूर, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावकीतलं. वडिलांपासून त्याच्या गोण्या याच जीपमधून मळ्यात जायच्या. फाटक्या गोणीतलं सांडायचं ते रबरी मॅटखाली, आणि त्यात पायांचा काळा चिखल. ही माती एकदा भिजली की ओल सोडत नाही. वर मॅट तव्यासारखी तापलेली, खाली पत्र्याला बारा महिने श्रावण.

पहिल्यांदा स्वस्तात उरकलं. भोकांवर पुट्टी थापली, वर रंग. नव्या नवरीसारखी दिसली. पण पुट्टी पाणी पिते. पुढच्या पोळ्याला रंगाला फुगे आले, दाबलं तर बोट आरपार.

मग अमळनेरच्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे नेली. त्यांनी मडकं वाजवावं तसा हातोडीने सगळा पत्रा वाजवला. खणखणीत वाजेल तो ठेवायचा, बद्द वाजेल तो कापायचा. निम्मी फरशी बद्द वाजली. "भाऊ, हाई गाडी नही, चाळणी शे!" म्हणाले.

या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती आधी उतरवली, बॅटरीच्या वायरी काढल्या. या बाबतीत घाई करणाऱ्याकडे गाडी देऊच नका. डोळ्याला दिसणाऱ्या गंजाच्या पुढे दोन बोटं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं. १८ गेजचा नवा पत्रा बसवला. वेल्डिंगची सलग रेघ ओढली असती तर तापून पत्रा पापडासारखा वाकला असता, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये चहा. चार दिवस गेले त्यात. उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडून फॉस्फोरिक आम्लाचं औषध लावलं, मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर. पुट्टी अगदी शेवटी, प्रायमरवर, नखाएवढ्या जाडीची. खालून मी जळकं ऑइल मारणार होतो, त्यावर ते चिडलेच. धूळ धरतं आणि रबराची वाट लावतं म्हणे. खरं आहे.

मॅट आता नाही. नव्या फरशीत मी पाणी जायला दोन भोकं मुद्दाम पाडून घेतली. पाऊस झाला की त्यातून तुराटीची काडी फिरवतो. आमचा सालदार ते बघून अजून हसतो. भोकं बुजवायला एवढा पैसा घातला, आणि शेटनी पुन्हा भोकंच पाडून आणली!