जीआर८६, हिवाळी चाकं आणि क्यूताईची चढण

जुने हिवाळी टायर विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत नक्षीची खोली मोजायचा गेज पुढच्या चाकावर लावलेला होता. हे माझ्या डोक्यात उजेडलं ते थेट जानेवारीत, ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये क्यूताई या स्कीच्या गावाकडे जाणाऱ्या चढावर, संध्याकाळी साडेसहाला, उणे आठमध्ये, गाडी पुढे जायच्याऐवजी मागे सरकायला लागली तेव्हा.

हे लिहितोय ते म्युनिक-स्टुटगार्टकडे राहणाऱ्या, आणि कधीतरी स्वतःचे लाड म्हणून मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची गाडी घेऊन बसलेल्या आपल्या लोकांसाठी. गाडी नीट चालवता येते, चाक काढता-लावता येतं, जाड हातमोजे आहेत, एवढं गृहीत धरतो. जॅक कुठे लावायचा इथपासून सुरुवात असेल तर आधी ते शिका, आल्प्स कुठे पळून जात नाहीत.

गाडी टोयोटा जीआर८६, मॅन्युअल. उन्हाळी चाकं १८ इंची, २१५/४० (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के). उन्हाळी रबर थंडीत कडक होतं, त्यामुळे ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत, दुसरा सेट लागतो. जर्मनीत सक्ती तारखेवर नाही, रस्त्याच्या अवस्थेवर आहे: बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायर हवेतच, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही; तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह टायरवर पाहिजे. हे सगळं मी वाचलं होतं. माझ्या सेटवर चिन्ह होतं. म्हणूनच निर्धास्त होतो.

सेट जुना घेतला. १७ इंची रिम, २१५/४५ टायर, ३८० युरो, आउग्सबुर्गजवळच्या एका गृहस्थाकडून. 'दोनच हिवाळे वापरलेत, साडेपाच मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे.' फोटोत गेज साडेपाचच दाखवत होता. मागची सीट पाडली की या गाडीत चार चाकं मावतात, ती भरून घरी आणली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. टायरच्या कडेचे चार आकडे वाचले नाहीत. ३८१७ होते, म्हणजे २०१७ सालचा ३८ वा आठवडा. 'दोनच हिवाळे' काय!

पहिला फटका लगेच बसला. बिल्ला टोयोटाचा असला तरी ही गाडी सुबारूच्या कारखान्यात बनते, आणि चाकांचा सगळा हिशोब सुबारूचा आहे. पाच नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ५६.१, आणि नटांचे आटे १२ गुणिले १.२५, म्हणजे बोल्ट १२ मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांत १.२५ चं अंतर. टोयोटाच्या बाकीच्या बहुतेक गाड्यांचं हे अंतर १.५ असतं. सेटबरोबर आलेले नट १.५ चे होते. पहिला नट दोन फेऱ्या हाताने गेला आणि अडकला. तिथेच थांबलो म्हणून वाचलो. पान्याने जोर लावला असता तर बोल्टच गेला असता. शिवाय रिमच्या मधल्या भोकात बसणारी प्लास्टिकची रिंग एका चाकाला नव्हतीच. परिणामी ए९५ महामार्गावर ११० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. रिंग दोन-चार युरोची असते; ती नाही हे शोधायला मला दोन आठवडे लागले. प्रेशरचे सेन्सरही नव्हते, त्यामुळे डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायमचा वस्तीला.

आता रस्ता. तीन राजांच्या, म्हणजे ६ जानेवारीच्या, सुट्टीला जोडून शनिवारी दुपारी निघालो, मी आणि बायको. गार्मिश, मिटेनवाल्ड, शार्निट्स, झेफेल्ड, सगळं मीठ मारलेलं, काळंभोर, कोरडं. झेफेल्डहून खाली त्सिर्लला उतरणारा त्सिर्लर बेर्ग १६ टक्क्यांपर्यंत उताराचा आहे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला खडीचे पळमार्ग ठेवलेत, त्याची सगळे भीती घालतात. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आरामात उतरलो. 'वरंध्यात पावसाळ्यात गाडी घातलेला माणूस आहे मी,' असं काहीतरी बोललोही. बायकोने ते नंतर तीन वेळा ऐकवलं.

खरी गोष्ट केमाटेन गावानंतर. तिथून सेलराइनच्या दरीत रस्ता वळतो, आणि साधारण ६०० मीटरवरून क्यूताईच्या २००० पर्यंत चढतो. ग्रीस गावापर्यंत ठीक होतं. सांक्ट सिगमुंडच्या पुढे बर्फ पडायला लागला. रस्त्यावर हिमकड्यांपासून वाचवणाऱ्या काँक्रीटच्या गॅलऱ्या आहेत. आत रस्ता कोरडा, बाहेर आलं की पांढरा. अशाच एका गॅलरीतून बाहेर पडल्यावर, बरोबर चढावर, समोरची मोठी एसयूव्ही थांबली. मीही थांबलो. संपलं.

चालत्या गाडीला चढ जड जात नाही, थांबलेल्या गाडीला जातो. क्लच सोडला, मागची चाकं फिरली, ट्रॅक्शन कंट्रोलने इंजिनचा दम काढून घेतला, गाडी जागच्या जागी. बटण दाबून धरून कंट्रोल बंद केला, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच प्रयत्न केला. मागचा भाग हळूच उजवीकडे, चरीच्या दिशेने निघाला. ब्रेक दाबला, चारही चाकं थांबली आणि गाडी तरीही हातभर मागे सरकली. तो हातभर मी विसरणार नाही. इंजिन पुढे, वजन पुढे, चालवणारी चाकं मागे आणि हलकी. अशा गाडीत मागच्या दोन टायरवरच सगळी भिस्त असते. तेवढ्यात मागून एक जुनी फियाट पांडा फोर बाय फोर, सायकलसारख्या अरुंद टायरवर, आम्हाला वळसा घालून टुकटुकत वर निघून गेली.

उतरलो, खिशातलं दोन युरोचं नाणं काढलं. त्याची बाहेरची चंदेरी कड चार मिलिमीटरची असते. पुढच्या टायरच्या खाचेत कड बुडाली आणि वर जागा उरली. मागच्या टायरमध्ये कड बाहेर राहिली, चांगलीच. साडेतीन असेल नसेल. आधीच्या मालकाने पुढची-मागची चाकं कधी अदलाबदल केली नव्हती; मागची झिजली, फोटो पुढच्याचा काढला. चाकांवर खडूने 'मागचं डावं', 'मागचं उजवं' लिहिलेलं होतं, मीही इमानदारीत तसंच लावलं. जर्मनीत १.६ मिलिमीटरपर्यंत कायदा काही म्हणत नाही, आणि फोटोतल्या चाकावर साडेपाच होतेच, म्हणून विकणारा खोटं बोलला असंही सिद्ध करता येत नाही. पण ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी परिस्थितीत चार मिलिमीटर लागतात. त्याखाली गेलेला टायर तिथे हिवाळी धरतच नाहीत. म्हणजे आम्ही त्या घाटात कायद्याने उन्हाळी टायरवर उभे होतो.

मागच्या गाडीतल्या माणसाने टॉर्च दाखवत आम्हाला उलटं खाली घेतलं, रुंद जागा मिळाल्यावर वळलो आणि पार दरीच्या तोंडाशी एका पेट्रोल पंपावर आलो. तिथे टायरवर चढवायची बर्फाची चेन मिळाली. १३९ युरो. तसलीच मी नंतर नेटवर ५२ ला पाहिली. बर्फ पडत असताना डोंगराच्या पायथ्याशी चेन मागणारा माणूस भाव करत नाही, हे काउंटरवरच्या पोराला पाठ होतं. वर 'सगळ्यांना बसते' म्हणून त्याने आधी भलत्याच मापाचा डबा पुढे केला. डब्यावरची मापांची यादी बोट ठेवून वाचा, २१५/४५ आर१७ सापडेपर्यंत पैसे काढू नका. आणि घरून निघायच्या आधी गाडीच्या पुस्तकात बघा कोणत्या मापाच्या टायरवर चेन चालते ते. चाक आणि सस्पेन्शनमध्ये बोटभर जागा असते. पातळ कड्यांचीच घ्या.

चेन मागच्या चाकांना. पहिल्या चाकाला पंचवीस मिनिटं, दुसऱ्याला दहा. गुडघे ओले, बायको मोबाइलचा उजेड धरून गप्प. ती गप्प असणं हे चेनच्या किमतीपेक्षा महाग पडलं. नंतर मात्र ५० च्या आत, खडखड करत, एकदाही न घसरता वर पोचलो.

पुढचे दोन दिवस स्कीइंग झालं. छान होतं.

परत आल्यावर नवा सेट घेतला. १७ इंची, साडेसात इंच रुंद, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते तो आकडा) ४८, २१५/४५, नवे टायर, सेन्सर, नट आणि मंजुरीचा कागद यांसकट ११६० युरो. १८ वर हिवाळी टायर लावायचा मोह होतो, फोटोत बरं दिसतं. लावू नका. जाड बाजूचा टायर खड्डा आणि गोठलेली ढेकळं सोसतो, टायर स्वस्त पडतो, आणि मिठाने खराब व्हायला साध्या रंगवलेल्या रिमच बऱ्या. चकचकीत कापीव रिम एका हिवाळ्यात लाखेखालून फुगतात. रुंदीही वाढवू नका. टायरवरचं वेगाचं अक्षर 'एच' असेल तर मर्यादा २१० ची आणि ही गाडी २२६ जाते, त्यामुळे समोर दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर लावावा लागतो. मी 'व्ही' घेतले, कटकट संपली. ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर? शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीला ठीक. या गाडीला दोन्ही ऋतूंत निम्मंच काहीतरी मिळेल, माझ्या मते पैसे वाया. आणि ५० किलोमीटर चालल्यावर नट परत १२० न्यूटन मीटरवर तपासा.

फेब्रुवारीत परत गेलो, त्याच गॅलरीबाहेर. बर्फ होता, मागे कोणी नव्हतं. मुद्दाम थांबलो. बायको म्हणाली, 'गरज आहे का?' होती. दुसरा गिअर, क्लच हळू सोडला, मागची चाकं अर्धा फेरा घसरली, धरली, आणि गाडी सुटली. वर पोचेपर्यंत मी ओरडत होतो. त्या आनंदात सांगतोय हे धरून वाचा, पण चांगल्या टायरवर ही गाडी हिवाळ्यात कुठेही नेईन.

जुना सेट तळघरात पडून आहे. रिम सरळ आहेत, टायर गोटा व्हायच्या वाटेवर. कुणाला नुसत्या रिम हव्या असतील तर १५० ला देईन, हरवलेली रिंग घालून. गेज घेऊन या आणि चारही टायरना लावून बघा.