नवरी येतेय, गाणं कुठलं?

भाचीच्या लग्नात 'म्युझिकचं तू बघ मावशी' असं सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात टाकलं, कारण घरात पेटी वाजवणारी मी एकटी. दादरचा हॉल, दुपारी १२ वाजून २३ मिनिटांचा मुहूर्त, संध्याकाळी तिथंच रिसेप्शन. नवरा मुलगा वरळी कोळीवाड्यातला. भाचीनं एंट्रीच्या गाण्यांची लांबलचक यादी पाठवली. गाणी ऐकायच्या आधी मी हॉलवर गेले आणि दारापासून स्टेजपर्यंत नवरीच्या चालीनं चालून बघितलं.

साधारण ६० फूट. नऊवारी नेसून, दागिने सांभाळत, ओळखीच्यांकडे बघून हसत चाललं तरी एका मिनिटाच्या आत संपतं. आणि यादीतल्या निम्म्या गाण्यांत नुसते सुरुवातीचे सूरच ३०-४० सेकंद! म्हणजे मुखडा सुरू होईपर्यंत नवरी स्टेजच्या पायऱ्यांवर. लोक शब्दांवर जीव टाकतात, पण ते शब्द वाजतात तेव्हा नवरी खुर्चीत बसून पदर सावरत असते. आम्ही गाणं मुखड्याच्या किंचित आधीपासून कापून घेतलं. फाइल पेन ड्राइव्हवर आणि शिवाय माझ्या फोनवर. इंटरनेटवरून थेट लावायचं नाही. एका लग्नात नवरी अर्ध्या वाटेत असताना डासांच्या औषधाची जाहिरात लागलेली मी ऐकली आहे.

दुपारच्या विधींसाठी मात्र एकही गाणं लावायचं नाही, हे मी पहिल्यांदाच सांगून टाकलं. मामा हात धरून नवरीला गौरीहरापासून बोहल्यावर आणतो, ती वेळ सनईची. तीही समोर वाजणाऱ्या सनईची. बहुतेक हॉलांत एकच रेकॉर्ड सकाळी मुंजीला, दुपारी लग्नाला आणि रात्री जेवणाला वाजते. ज्या वाद्यानं बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्नपर्यंत नेलं, ते आपण चमच्या-ताटल्यांच्या खडखडाटात कोपऱ्यातल्या स्पीकरवर सोडून देतो. सनई-चौघडावाल्यांना मी म्हटलं, मुहूर्त भर दुपारचा आहे, वृंदावनी सारंग घ्या. त्यांच्यातले वयस्कर होते ते म्हणाले, "ताई, कोण ऐकतंय हो?" मी म्हटलं, मी ऐकतेय. मग त्यांनी असा काही सारंग लावला की केटररची पोरंसुद्धा ट्रे घेऊन दाराशी थबकली.

अंतरपाट धरला की सनई बंद. मंगलाष्टकांच्या मागे कीबोर्डचे सूर सोडायची नवी टूम निघाली आहे, ती मला अजिबात खपत नाही. ते शार्दूलविक्रीडित वृत्त आहे, ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. त्याची लय त्याच्यातच आहे. आमच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टकात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं कोंबली होती, त्यामुळे एका ओळीत अक्षरं बावीसेक झाली. त्यांनी ती एका दमात म्हटली. वृत्त मोडलं, आत्याबाई नाही.

खरी गंमत शेवटच्या 'सावधान'ला. अंतरपाट दूर होतो त्याच क्षणी वाजंत्री कडाडली पाहिजे. वाजवणारे माडीवर, गुरुजी खाली, मध्ये अक्षता टाकणाऱ्यांची झुंबड. म्हणून दोघांना दिसेल अशा खांबापाशी मी भावाला पिवळा रुमाल देऊन उभा केला. त्यानं रुमाल वर केला आणि चौघडा असा वाजला की गुरुजींनीच दचकून वर बघितलं.

रिसेप्शनची यादी मी भाचीला बसवून दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ऐकवली. तीन गाणी तिनं तिथंच खोडली. मुखडा गोड, आणि पुढं नायक तिला सोडून निघालेला! उरलं त्यातलं एक ठरत होतं, तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. "आमच्याकडं बँडशिवाय नवरा आत येत नाही." कोळी बँड म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम, आणि हॉल बंदिस्त, एसीचा. कानठळ्या बसतील म्हणून मी आधी कां-कूं केलं. पण खरं सांगायचं तर त्या बँडपुढं आमची कापलेली फाइल अगदीच फिकी होती. शेवटी असं ठरलं: फाटकापासून दारापर्यंत पूर्ण बँड, नवरा-नवरी दोघं सोबत, ड्रमवाले दारातच थांबणार, आत फक्त एक क्लॅरिनेट त्यांच्या पुढं चालत येणार. फाइल केक कापायच्या वेळेला गेली.

बँडवाल्यांना वेळेचं सांगावं लागलं नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायचं नाही, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम त्यांना आमच्यापेक्षा पाठ.

एवढं जमल्यावर हॉलच्या मॅनेजरनं म्युझिक लायसन्सचं काढलं. मी वाचून गेले होते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए): धार्मिक विधीत, लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या इतर समारंभांत गाणी वाजवली तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. तिची प्रिंट त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली आणि जनरेटरचे वेगळे पैसे मागितले.