अ‍ॅम्बॅसॅडर, नोंद तिसरी : टायमिंग लाइट लावल्यावर

मागच्या वेळी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, तरी गाडीच्या ओढण्यात फरक पडला नव्हता. रामटेकला गडावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये बोनेटखालून तीच किणकिण, डब्यात खिळे हलवल्यासारखी. आणि नागपूरच्या वर्धा रोडला खापरीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की साठच्या वर इंजिन जड. चढावर नॉकिंग म्हणजे ठिणगी लवकर पडतेय, वेगात मरगळ म्हणजे उशिरा पडतेय. दोन्ही तक्रारी एकाच गाडीत कशा, हे मला उमगत नव्हतं.

गाडी बाबांची, मार्क फोर, १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, आजवर कानावरच लावलेलं : प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवायचा, आयडल (पाय न दाबता इंजिन चालतं तो वेग) चढतं तिथून केसभर मागे आणायचा, बोल्ट कसायचा. वाडीच्या आमच्या मिस्त्रीकाकांचा कान पक्का आहे, तरी तेच म्हणाले, "लाइट लावून पाय न भाऊ एकदा. कानाले आयडलचं समजते, पुढचं नाई समजत." ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंग लाइट घेतला.

आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले उघडताना ठिणगी पाडणारे संपर्क. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं : गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आधी पडते. पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला की उलटं. म्हणून पंधरा थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती घालून गॅप पक्का केला आणि मगच बाकीचं हातात घेतलं. हा क्रम चुकला तर सगळी संध्याकाळ वाया जाते.

माझ्या इंजिनवर खुणा पुलीच्या खालच्या अंगाला आहेत. टायमिंग कव्हरवर तीन दात, लांब दात टीडीसीचा (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा), मग ५ आणि १० अंश. पुलीच्या काठावरची खाच तेलकट मातीने भरली होती. ती रॉकेलने पुसून टूथपिकने त्यात पांढरा ऑइल पेंट भरला. दहाच्या पुढे दात नाहीत, म्हणून पुलीचा घेर दोऱ्याने मोजला. तो जवळपास ४०० मिलिमीटर भरला, म्हणजे एक अंश १.१ मिलिमीटरचा. त्या हिशेबाने पुलीवरच ३० अंशांपर्यंत बारीक रेघा मारल्या.

अंधार पडू दिला. इंजिन गरम करून घेतलं, डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने ठिणगी पुढे सरकवणारी) काढून तिचं तोंड बंद केलं, लाइटचा क्लॅम्प एक नंबरच्या प्लगच्या वायरवर, बाण प्लगकडे. पुढची चाकं रॅम्पवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, आणि मी खाली. ट्रिगर दाबला आणि पुली थांबली. आठशे आरपीएमवर क्रँक सेकंदाला तेराहून जास्त फेरे घेतोय, पण लाइट बरोबर एक नंबरच्या ठिणगीला चमकतो, म्हणून पांढरी रेघ जागच्या जागी उभी दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काही क्षण फक्त पाहत राहिलो. एक मात्र मनापासून सांगतो : त्याच उजेडात पंखासुद्धा थबकल्यासारखा किंवा संथ डोलल्यासारखा दिसतो. हात, बाही, वायर त्याच्या आसपास नेऊ नका.

आयडलला आकडा आला १४. पुस्तकातल्या आकड्याच्या बराच पुढे. मग भाच्याला रेस द्यायला सांगितलं, तीन हजारांपर्यंत. रेघ पळायला हवी होती. ती सरकली जेमतेम १९ वर आणि तिथेच अडकली.

कोडं तिथे सुटलं. आठशेवर एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद मिळतात, तीन हजारांवर फक्त २०. मिश्रण जळायला वेळ लागतोच, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडावी लागते, आणि ते काम डिस्ट्रिब्यूटरमधली, वेगाने बाहेर फेकली जाणारी वजनं करतात. माझी वजनं चिकटलेली होती. तो तोटा मी इतकी वर्षं आयडलला टायमिंग पुढे ओढून भरत होतो, म्हणून चढावर कमी वेगात किणकिण, आणि हायवेवर तरीही अपुरं.

डिस्ट्रिब्यूटर उतरवला. बेस प्लेटखाली जुनं ग्रीस डिंकासारखं वाळून तपकिरी झालं होतं, एक वजन तर बोटानेही हलेना. पेट्रोलने धुतलं, पिनांना हलकं तेल एकेक थेंब. स्प्रिंगा दोन असतात, एक नरम, एक कडक, त्या काढताना ताणू नका. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहिली, प्लेट हलली आणि जीभ लावून धरली तेवढा वेळ तशीच राहिली, म्हणजे आतला डायफ्रॅम (पातळ पडदा) शाबूत.

परत बसवून आयडलला ७ वर आणलं. शेवटचं बारीक काम डिस्ट्रिब्यूटरच्या खाचांच्या नटाने, माझ्या मोजणीत साधारण अकरा टिकटिकींना एक अंश पडला. आता रेस दिली की रेघ अडखळत नाही, २८ पर्यंत सरळ जाते आणि सोडल्यावर परत ७ वर येते. तुम्ही आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तकातलेच घ्या.

रविवारी कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक. गडाचा तोच चढ, तिसरा गिअर, काच खाली. किणकिण नाही. परतताना ऐंशीला गाडी हलकी वाटली आणि टेंपरेचरचा काटा मध्यावर होता.

आयडलला रेघ अजून दोनेक अंश थरथरते. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हाताने हलवला तर बारीक खेळ लागतो, म्हणजे त्याला धरणारा बुश झिजलाय. लेथवाल्याकडे ब्राँझचा बुश करायला टाकलाय. बसवला की आकडे लिहितो.