भांगाचं पाणी

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, मंगळवार

दशमीचे दहा, दहाची पाऊणकी साडेसात, म्हणजे भरती साडेसातला पुरी होणार. मोबाइलवर मिनिटासकट वेळ कळते, तरी या वहीत मी तारीख न घालता तिथीच घालतो. तिथी लिहिली की त्या दिवशी खाडी कशी होती ते वेगळं लिहावं लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण-पाऊण तास पुढे. हे गणित आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाही येतं.

काका आणि मी सहाला होडी काढली. दोन माणसांची फायबरची होडी, वल्ह्यावर काका, जाळ्यांवर मी. धरमतर खाडीचं तोंड रेवस-करंजाकडे. आम्ही त्याच्या बरेच आत, तिवरांच्या कडेकडेने. अष्टमी उलटून दोन दिवस झाले की ऐन भांग, पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, भांगाला दोनच्या आसपास. वेळ तीच, सहा तासांची. त्यात निम्मंच पाणी हलायचं, म्हणजे ते सावकाशच हलणार. गावात सगळे उधाणाची वाट बघतात, कारण डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, उधाणावर चालते. डोलीचं तोंड पाण्याचा जोर उघडं धरतो, माणसाला फक्त पाणी थांबलं की ती उचलायची असते. त्यांचं बरोबर आहे. पण चिंबोरीसाठी, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्यासाठी, आणि वल्ह्याच्या होडीसाठी, मला भांगाचेच दिवस आवडतात. यावरून काकांशी माझा वाद नाही, इतरांशी आहे.

चिंबोरी भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांत चरायला शिरते आणि ओहोटीला माघारी खाली उतरते. म्हणून जाळी पोयनाड-पेणकडून येणाऱ्या छोट्या फाट्यांच्या तोंडाशी टाकायची. लोखंडी कडी, खाली सैल जाळं, मधोमध बांधलेलं शेंगटी माशाचं डोकं. वास पाण्याबरोबर खाली वाहतो आणि चिंबोरी त्या वासावर पाण्याच्या विरुद्ध चालत येते. पाणी फार जोरात असलं की वास फाटून जातो आणि चिंबोरी चिखलातून बाहेर पडत नाही. पाणी अगदीच थांबलं तर वास जागच्या जागी राहतो. त्यामुळे हवं ते मधलं, चालतं पण न ओढणारं पाणी. ते भांगाला तासन् तास मिळतं.

जाळी उचलणं हे खरं काम. पाण्याच्या वरच्या अंगाने कधी यायचं नाही, होडी दोरावर चढते. खालून, पाण्याविरुद्ध वल्हवत यायचं आणि दोर सरळ उभा होईपर्यंत हात लावायचा नाही. तिरका दोर ओढला की कडी कलते आणि चिंबोरी कडेवरून उतरून जाते. एकदा ओढायला लागलं की मधे थांबायचं नाही. मी थोडा आधी वाकलो की काका वल्हं न थांबवता म्हणतात, "दम धर रं, दोर उभा होऊं दे."

आज तिसऱ्या की चौथ्या कडीत मोठा नर आला. हिरवट काळा, नांग्या माझ्या पंजाएवढ्या, पोटाखालची झडप अरुंद, टोकदार. वर येताच त्याने आमिष सोडलं आणि कडीला धरलं. अशाला ओढून काढायला जायचं नाही. कडी होडीच्या तळाशी ठेवली, थोड्या वेळाने त्याने स्वतःच पकड सोडली. मग पायाने पाठ दाबून, मागून दोन्ही बाजूंनी धरून, आधी उजवी नांगी मुडपली आणि ओल्या सुतळीचे दोन वेढे दिले, मग डावी. सुतळी ओलीच हवी, कोरडी घसरते. मागच्या पायाजवळ खालून अंगठ्याने दाबलं. कवच दबलं नाही. भरलेला.

एका कडीत अंड्यांची मादी होती. तिची झडप रुंद आणि खाली केशरी गोळा. अशा माद्या अंड्यांतून पिल्लं सोडायला समुद्राकडे निघतात. काकांनी न बोलता ती परत पाण्यात सोडली.

एकादशी, बुधवार

गेलो नाही. आज एकादशी, उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, पुढे दत्तजयंती. या महिन्यात म्हावऱ्याला गिऱ्हाईक बेताचंच. चिंबोरीचं बरं, ओल्या गोणपाटात बांधून ठेवली तर दोन-तीन दिवस जिवंत राहते. मोठे नर व्यापारी नेतो, ते पुढे परदेशात जातात म्हणे. घरी येतात ते नांगी तुटलेले. रश्शाला त्याने काही फरक पडत नाही.

पौर्णिमा

व्यापाऱ्याने आज भाव पाडला. कारण ठरलेलं: पौर्णिमेची चिंबोरी पोकळ. सगळ्या किनाऱ्यावर हे बोलतात, अमावास्येची भरलेली आणि पौर्णिमेची रिकामी. मी अमावास्येलाही पोकळ पाहिली आहे. कात टाकली की नवं कवच मोठं असतं आणि आत मांसाऐवजी पाणी. भरायला वेळ लागतो. चंद्राचा त्यात किती हात असेल तो असो, पण अंगठा खोटं सांगत नाही. मी त्याच्यासमोर एकेक दाबून दाखवली. त्याने मान हलवली आणि भाव तोच दिला. चंद्र त्याच्या बाजूचा आहे.

वद्य द्वितीया

दोनची पाऊणकी दीड. सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेला नसतं, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं, आज तेच. सकाळी खाडी इतकी सुकली की फाटे उघडे पडले, निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या. थंडीत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून मोठी असते, पावसाळ्यात उलट. म्हणजे रात्री याहून जास्त पाणी चढणार.

मालवणकडचा मेहुणा आला आहे. तिकडे अडीच-एक मीटरच्या आत सगळा खेळ. त्याला खाडी बघायची होती, म्हणून दहाला निघालो. भरतीच्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी आत येतं. आज ते माणसाच्या झपझप चालीने आत येत होतं, काठाला काड्या आणि फेस घेऊन. नाळेवरून, होडीच्या पुढच्या टोकावरून, नांगर टाकला, भरपूर दोर सोडला. दोर ताठ झाला आणि होडीचं तोंड पाण्याकडे वळलं. मेहुण्याने विचारलं, आडवी का नाही उभी करत, दोघांना दोन्हीकडे गळ टाकता येतील. काका एवढंच म्हणाले, "पाहुनं, आडवी केली त होडी पानी पिते."

मग त्याने विचारलं, जाळी कुठे गेली? टाकलेल्या जागी तरंगणारे प्लॅस्टिकचे कॅन एकही दिसत नव्हते. त्याला वाटलं चोरीला गेले. उधाणाचा जोर दोर ओढतो आणि कॅन पाण्याखाली जातो. पाणी मंदावलं की आपोआप वर येतो. सव्वा वाजता एक कॅन वर आला, मग एकेक करत सगळे. पण दोन जाळी दगड बांधूनही सरकली होती आणि एकीत फक्त तिवराची फांदी. दीडला पाणी थांबलं ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात जे उचललं ते उचललं. मेहुण्याच्या गळाला एक शेंगटी आणि एक बोटभर जिताडा लागला. जिताडा लहान असताना सगळे नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात, हे मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. जिताडा सोडला.

ओहोटी लागल्यावर थांबलो नाही. दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा चढतो, आणि बाहेर धावणाऱ्या पाण्यावर तो समोरून आपटला की खाडीच्या तोंडाशी पाणी उभं राहतं, छोट्या पण खड्या, एकीला लागून एक येणाऱ्या लाटा. मोठ्या लाँचला काही नाही. आपल्या होडीने तिथे असू नये.

आता षष्ठी-सप्तमीनंतरच. तोवर कड्यांजवळ झिजलेले दोर बदलायचे, आणि त्या सरकलेल्या दोघींना जास्त जड दगड.