‘एशियन २ टक्के’ म्हणजे किती पोरं?

आमच्या लेकीला व्होकेशनल हायस्कूलला, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत कामधंदा शिकवणाऱ्या शाळेत जायचंय, तेही इलेक्ट्रिकल शिकायला. इथे मॅसॅच्युसेट्समधल्या ओळखीच्या मराठी मंडळींत ही बातमी पसरल्यापासून "अगं, पण तिचे मार्क तर चांगले आहेत ना?" हा प्रश्न मला पाठ झालाय. उत्तरं देणं सोडून मी त्या शाळेच्या पटाचे तक्ते वाचायला घेतले. नोकरी अकाउंट्समधली, आकडा आला कुठून हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पट धरतात तो १ ऑक्टोबरचा. नोव्हेंबरात कोणी शाळा सोडली तरी तक्त्यात ते मूल असतंच. छोट्या शाळेत हे चांगलंच जाणवतं. इयत्तेत ६० मुलं असली आणि त्यातली तीन दुसऱ्या गावी गेली, की वर्गातली ५ टक्के गायब, तक्त्यात मात्र ६०च. तक्त्यातल्या ‘एशियन २ टक्के’चंही तसंच. शाळा २५० मुलांची धरली तर झाली पाच डोकी, आणि त्या एका रकान्यात चीन, व्हिएतनाम, फिलिपीन्स, भारत सगळे. त्यात आपली किती, हे तक्ता सांगत नाही. घरच्यांनी ‘हिस्पॅनिक’वर (मूळचे लॅटिन अमेरिकेतले किंवा स्पेनचे) खूण केली असेल तर पुढे वंश कुठलाही लिहा, मूल मोजलं जातं हिस्पॅनिकमध्येच.

देशभराच्या तक्त्यांत तर काही व्होकेशनल सेंटरांचा पट चक्क शून्य दिसतो. मुलं अर्धा दिवस तिथे काम शिकतात, पण नाव असतं मूळ शाळेच्या हजेरीपटावर. पट शून्य आणि शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, पाय ठेवायला जागा नाही!

गरीब घरची मुलं किती, हे पूर्वी फुकट किंवा सवलतीच्या जेवणाच्या अर्जांवरून ठरवायचे. आमच्या राज्यात २०२३ मध्ये शाळेतलं जेवण सगळ्यांनाच कायमचं मोफत झालं, म्हणजे त्या मोजणीत काही अर्थच उरला नाही. हल्ली स्नॅप (धान्यासाठी मदत), मासहेल्थ (आरोग्य विमा) अशा सरकारी योजनांच्या याद्यांशी मुलांची नावं जुळवून बघतात. त्यामुळे जुन्या वर्षाचा आकडा नव्याशेजारी ठेवून "गरिबी वाढली" म्हणणाऱ्याने आधी मोजायची रीत बदलली का ते बघावं.

शिक्षकामागे मुलं कमी दिसली की आईबाप खूश होतात, पण अशा शाळांत ते सुरक्षिततेपायी असतं. अहो, ठिणग्या उडणाऱ्या वेल्डिंग शॉपमध्ये एका माणसाच्या भरवशावर तीस पोरं सोडणार कोण?

मला खरा हवा होता तो आकडा मात्र कुठेच नव्हता. शाळेत मुली किती, हे दिलंय. पण कॉस्मेटॉलॉजी (ब्युटी पार्लरचं काम) आणि हेल्थ असिस्टिंगला (रुग्णसेवा) मुलींची गर्दी असली की एकूण टक्केवारी छान दिसते. इलेक्ट्रिकलला किती हे त्यातून कसं कळणार? पर्किन्स कायद्यात, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात, ज्या व्यवसायात बायका किंवा पुरुष २५ टक्क्यांहून कमी, त्याला ‘नॉनट्रॅडिशनल’ म्हणतात आणि त्याचा हिशेब राज्यांना ठेवावा लागतो. म्हणजे नोंद असते, विचारावी लागते.

ओपन हाउसला, म्हणजे शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी, मी इलेक्ट्रिकल शॉपच्या सरांनाच विचारलं. त्यांनी फाइल वगैरे काढली नाही, हेल्मेटांच्या रांगेकडे बोट केलं. प्रत्येकावर टेपची पट्टी, पट्टीवर नाव. दहावीच्या रांगेत मुलींची नावं दोन. त्यातली एक तिथेच होती. बेंडरवर पाय दाबून तिने पाइपला काटकोन दिला, कोन लावून पाहिला, मान हलवली आणि पाइप पुन्हा बेंडरमध्ये घातला. लेकीने तिला एकच विचारलं, "मुलींची चेंजिंग रूम कुठेय?" इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. शॉपला पोचेपर्यंत रोज उशीर होतो म्हणाली. हे कुठल्या तक्त्यात सापडणार?

प्रवेशाचे नियमही बदललेत. आधी अशा शाळा मार्क, हजेरी, वर्तन, मुलाखत बघून मुलं निवडू शकत. त्यात गरीब घरची आणि इंग्रजी शिकत असलेली मुलं मागे पडतात अशी तक्रार होती. मे २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ठरवलं की जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी. पुढच्या नववीचा चेहरामोहरा आधीच्या पटावरून ओळखता येईल असं मला तरी वाटत नाही.

अर्ज टाकलाय. नववीत आधी सगळ्या शॉपमधून थोडं थोडं फिरवतात, मग निवड. इलेक्ट्रिकल नाहीच मिळालं तर प्लंबिंग, असं लेकीचं ठरलंय. हे मी आईला फोनवर अजून सांगितलेलं नाही.